बिट्टीचा खेळ

"काकू, परत पहिली डिस्क द्या," बिट्टीची मैत्रीण म्हणाली.

बिट्टीच्या आईने डिस्क बदलली. कॉम्प्युटरला खाच एकच. लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर एका डिस्कवर, बिट्टीचा प्रोग्राम दुसरीवर. मशीन जरा घरघरायचं की लगेच दुसरी मागायचं. सकाळपासून दोघींचं हेच चाललं होतं. भंगारातून उचलून आणलेलं ते धूड बिट्टीपेक्षाही वयाने मोठं. बिट्टी गेली आणि हे मात्र ठणठणीत, याचा आईला मनापासून राग यायचा.

"माझ्या लॅपटॉपवर चालवून बघू का? लवकर होईल."

"नको. तिने यावर केलंय ना, यावरच बघू दे मला."

बघायचं होतं ते एवढंच, की लेक करत काय होती. दवाखान्यात भरती होईपर्यंत ती या टेबलाशी खुटखुट करत बसायची. 'तुझ्यासाठीच करतेय. झालं की हाक मारते, आत्ता डोकावू नकोस.' आणि आई एवढी शहाणी, की खरंच डोकावली नव्हती.

मैत्रीण बिट्टीच्याच ऑफिसातली, पण असलं पुराणं मशीन तिनेही पहिल्यांदाच हाताळलेलं. कंपायलरला सगळं लहान मुलासारखं समजावून सांगावं लागत होतं. तयार फाइली इथे आहेत, नेहमी लागणाऱ्या तुकड्यांची लायब्ररी तिथे, मधलं काही ठेवायचं तर मेमरीत ठेव. एक पत्ता चुकला की स्वारी रुसलीच. दुपारी कुठे तो सुरळीत चालला, आणि शेवटच्या जोडणीला अडला. एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा असाच एक तुकडा, सापडत नाही म्हणाला.

"लायब्ररी अर्धवट दिसतेय." मैत्रिणीने सगळे पत्ते तपासले, लायब्ररी नव्याने कॉपी केली. आईने पुन्हा डिस्का बदलल्या. तरी तेच. मग मैत्रिणीने पडद्यावरचं नाव नीट वाचलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"काय गं?"

"काकू, हे लायब्ररीतलं नाहीच. बिट्टीचं आहे. मी उगाच मशीनच्या मागे लागले होते. नाव आहे 'आई जिंकली'. हा तुम्हा दोघींचा खेळ आहे. एका बाजूने तुम्ही, दुसरीकडून मशीन खेळतं, त्याला तिने स्वतःचं नाव दिलंय. ती जिंकली की काय होईल ते सगळं लिहिलंय. तुम्ही जिंकलात तर काय, ते लिहायचं राहून गेलं."

"स्वतःचं बरं आधी लिहिलं. लबाड कुठली," आई म्हणाली. तिला हसू आलं, आणि हसता हसता रडूच कोसळलं. मैत्रिणीने तिला रडू दिलं.

बऱ्याच वेळाने मैत्रीण हळूच म्हणाली, "मी तिथे रिकामं फंक्शन घालू शकते. खेळ चालेल. फक्त तुम्ही जिंकलात की काहीच होणार नाही, पडदा नुसता थांबेल. की मीच लिहू काहीतरी? अभिनंदन वगैरे?"

"तू नको लिहूस, बाळा. रिकामंच राहू दे."

खेळ सुरू झाला. दोन टोकांना दोन पट्ट्या, मधे चेंडू. पहिला चेंडू आईने नकळत परतवला आणि बिट्टीच्या पट्टीकडून तो चुकला. आईच्या नावापुढे एक गुण चढला.

"छान, काकू."

आईने बटणांवरून हात काढून घेतले. पुढचा चेंडू तिच्या पट्टीजवळून निघून गेला. त्याच्या पुढचाही. शेवटी पडदा रंगीबेरंगी झाला आणि एकेक अक्षर उमटत गेलं: हरलीस गं आई. चल, चहा तू टाक.

आईने ते पुन्हा पुन्हा वाचलं.

"परत लाव," ती म्हणाली, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली.