दोन गुणांचं माकूल

दहा हात पसरून माकूल उताणं पडलं होतं आणि सोपानराव मास्तर नाकाला रुमाल बांधून त्याची हृदयं मोजत होते.

रविवार होता. चिंचवडच्या शाळेत चिटपाखरू नव्हतं. गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या मास्तरांनी जन्मात मासळीला हात लावला नव्हता. सकाळी पिंपरी कॅम्पात मासेवाल्या चांदभाईच्या पाटीपुढे उभं राहून 'माकूल' म्हणतानाच त्यांची बोबडी वळली होती.

"क्या गुरुजी," चांदभाई हसला होता, "गळ्यात माळ आन् पिशवीत माकूल?"

"शाळेसाठी आहे," मास्तर म्हणाले होते. ते अर्धंच खरं होतं.

त्यांनी कात्रीनं पोटाची बाजू उघडली. मधोमध एक हृदय होतं. मास्तरांना हायसं वाटलं. मग त्यांनी डावा कल्ला उचलला. त्याच्या मुळाशी दुसरं होतं. उजव्या कल्ल्याच्या मुळाशी तिसरं. त्यांनी पुन्हा मोजलं. शाळेत नवा आलेला तक्ता हेच सांगत होता. छापणाऱ्याची चूक निघावी म्हणून मास्तरांनी आठवडाभर देवाला साकडं घातलं होतं.

पाठीकडून त्यांनी एक पट्टी ओढून काढली. पिसाच्या आकाराची, काचेसारखी पारदर्शक. तीही त्या मुलीनं लिहिली होती.

मुलगी म्हणजे इंदू तांडेल. तीन वर्षांपूर्वी, चौपन्न साली, ती मॅट्रिकच्या वर्गात होती. शाळेच्या चाचणीत जो पास होईल त्याचाच फॉर्म पुढे जायचा. शास्त्राच्या पेपरात एका मृदुकाय प्राण्याची रचना विचारली होती. सगळ्यांनी गोगलगाय लिहिली. इंदूनं माकूल लिहिलं. हृदयं तीन, रक्त निळसर, पाठीत काचेचं पीस. मास्तरांनी भलीमोठी लाल फुली मारली आणि ते उत्तर भर वर्गात वाचून दाखवलं.

"तीन हृदयं! कुणी सांगितलं गं तुला?"

"मामानं. तो मुंबईला कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचा धुतो."

"मग तूही काचाच धू!"

वर्ग खो खो हसला. इंदू मान खाली घालून उभी राहिली, पदर तोंडाला लावून. तिचे खांदे हलत होते.

पास व्हायला पस्तीस गुण लागत. तिला तेहेतीस पडले. पाचवा प्रश्न तिनं कोराच सोडला होता. वेळ पुरला नसेल, असं मास्तरांनी धरलं. संध्याकाळी तिचा बाप आबाजी आला. मालवण सोडून पोटासाठी इकडे आलेला सुतार. दारातच हात जोडून उभा राहिला.

"मास्तरांनू, दोनच मार्क वाढवा. नवऱ्याक मॅट्रिक पास पोरगी व्हयी. नायतर जमलेला लगीन मोडात."

"तत्त्वाचा प्रश्न आहे, आबाजी," मास्तर म्हणाले आणि दार लावून घेतलं.

लग्न मोडलं. पुढे कधीतरी मास्तरांच्या कानावर आलं, की इंदू पिंपरीच्या एका औषध कारखान्यात काचा धुते. तेव्हा ते गालात हसले होते. आज ते हसू त्यांना आठवलं. एका पोरीचं जमलेलं लग्न त्यांनी मोडलं होतं, तिचं शिक्षण बुडवलं होतं, आणि पोर खरं लिहून गेली होती. आपण मास्तर कसले, कसाई, असं त्यांना वाटलं.

त्यांनी चार वेळा हात धुतले. वास जाईना. मग कपाटातल्या जुन्या गठ्ठ्यांतून तिचा पेपर शोधून काढला, लाल फुली खोडली, दोन गुण वाढवले आणि खाली सही केली. हेडमास्तरांच्या नावे चूक कबूल करणारा अर्जही लिहिला. नोकरी गेली तर गेली. दोन्ही कागद खिशात घालून त्यांनी सायकल पिंपरीकडे हाणली.

इंदू खोलीत एकटीच वाचत बसली होती. आबाजी मागच्या अंगणात रंधा मारत होता. मास्तरांना बघून ती चटकन उठली.

"सर, तुम्ही? बसा ना. पाणी आणते."

मास्तर बसले नाहीत. त्यांनी पेपर तिच्या हातात दिला.

"हृदयं तीनच असतात, इंदू. आज मी स्वतः मोजली." त्यांनी हात जोडले. "माझ्या अडाणीपणानं तुझं वाटोळं झालं. मला क्षमा कर, बाळ."

इंदूनं पेपर शांतपणे वाचला. खोडलेल्या फुलीवरून बोट फिरवलं.

"रक्त निळं दिसलं का, सर?"

"नाही गं."

"मेल्यावर दिसत नाही ते."

मग तिनं मागचं दार हळूच लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"सर, हे बाबांना दाखवू नका."

"का? त्यांचे पाय धरायलाच आलोय मी. तुझं लग्न..."

"तो बेचाळीस वर्षांचा होता, सर. बिजवर. मोठी मुलगी माझ्याएवढी. बाबांनी शब्द दिला होता, माझं कोण ऐकणार? मी नापास झाले, त्यानं दुसरीकडे जमवलं. पुढच्या वर्षी मी बाहेरून बसले आणि मॅट्रिक झाले."

मास्तर खुर्चीवर टेकले.

"म्हणजे तो पाचवा प्रश्न..."

"मुद्दाम सोडला. तरी काठावर पास होत होते. आणखी दोन गुण घालवायचे होते. पण खोटं उत्तर लिहायला माझा हात धजेना."

"अगं, पण हे तर खरं होतं!"

"खरंच होतं, सर," इंदू पदर तोंडाला लावत म्हणाली. तिचे खांदे हलत होते. "पण ते तुम्हांला ठाऊक नसणार, याची मला खात्री होती."