एकच माप

चेन वर सरकेना. चिनात्सुनं श्वास रोखला, पोट आत घेतलं, पुन्हा ओढली. अर्ध्यावर अडली ती अडलीच. चौथा महिना लागला होता. बाहेर शिबुयाच्या चौकात पोरींची रांग लागलेली, आणि दुकान उघडायला दहा मिनिटं.

चौकातल्या त्या गोल इमारतीतल्या दुकानांत कपड्याला माप एकच. विकणारीनं तेच अंगावर घालून उभं राहायचं. तिच्या अंगावर बघून पोरी तेच घ्यायच्या, संध्याकाळपर्यंत माल संपायचा. गेल्या वर्षी याच दुकानातल्या मायुची चेन लागली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून मायुच दिसली नाही.

चिनात्सुनं पिशवी उघडली. आठवडाभर ती बाबांचा सदरा बाळगून होती. बाबा रंगारी. सदरा ढगळ, निळ्या डागांचा.

"अगं बाई, पोतं घालून आलीस?" शेजारची रिए फिदीफिदी हसली. "हिमुरोबाई आज सोलतात बघ तुला!"

दारं उघडली. पहिल्याच पोरीनं तिला खालीवर न्याहाळलं.

"ताई, हा सदरा कुठे लावलाय?"

मग दुसरीनं विचारलं. मग पाच-सहा जणींनी गराडाच घातला. "नाही गं, हा विकायचा नाही," म्हणत चिनात्सु मागे मागे सरकत राहिली. कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून घातला, आणि सगळं दुकान तिच्याकडेच बघत होतं. गल्ल्यापाशी बसलेल्या मालकीण हिमुरोबाईंनी मान वर केली.

"चिनात्सु, मागे ये."

मागच्या खोलीत बाईंनी दार लावून घेतलं आणि गळ्यातली टेप काढली. बाईंनी सदऱ्यावरूनच टेप फिरवली. पोटापाशी त्यांचा हात थांबला. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यांनी फोन उचलून कारखान्याला लावला.

"दोनशे सदरे. ढगळ. हो, डाग हवेतच. माप लिहून घ्या. पुढच्या महिन्यात याला चार सेंटिमीटर वाढवा. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी चार."

पलीकडचा माणूस काहीतरी ओरडला. बाईंनी फोनवर तळहात ठेवला.

"मायुच्या वेळी मला सुचलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "तो विचारतोय, असं किती महिने वाढवायचं?"

चिनात्सुनं अजून आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"पाच," ती म्हणाली.