बुडबुडा मध्यावर

लेव्हलच्या पट्टीतला बुडबुडा काही मध्यावर येईना. आधीच्या मिस्त्रीने बाथरूमच्या फरश्या वरखाली बसवल्या होत्या, म्हणून विश्वनाथ त्या नव्याने बसवत होता आणि टिपणीस सर ओणवे होऊन तपासत होते.

“सर, जाळीकडे थोडा ढाळ हवा, नाहीतर पाणी जाणार नाही.”

“तीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी. आणि तू दहावीत माझ्याच विषयात आपटला होतास.”

विश्वनाथने जाळीकडच्या फरश्या उचलून सपाट बसवल्या. संध्याकाळी बुडबुडा बरोबर मध्यावर आला.

दोन दिवसांनी सरांनी अंघोळ केली. पाणी सर्व दिशांना समान पसरलं, जाळीकडे मात्र फिरकलं नाही. बायकोने हातात खराटा दिला. सरांनी विश्वनाथला फोन लावला आणि नुसताच घसा खाकरला.

“समजलं, सर. फेरपरीक्षेला उद्या येऊ का?”