मुकं घर

जवळ सरका मायबाप, एक गोष्ट सांगतो.

केतकी आणि तिचे कीर्तनकार वडील संगणकाच्या खेळात मिळून एक गाव वसवत होते: नदी, घाट, देऊळ. बुवा गेले. महिन्याभराने केतकीने तो खेळ लावला, तर उघडेचना. पडदा काळा व्हायचा आणि खेळ मिटायचा.

"काढून पुन्हा टाक," मैत्रीण म्हणाली.

"मग बाबांचं गाव पुसलं जाईल गं."

मैत्रीण वाकून संगणकाच्या मागे बघू लागली. "अगं, स्पीकरची वायर कुठंय? काही खेळ आवाजाशिवाय उठतच नाहीत."

हे ऐकून आई दारातच थबकली. सुतकात घरात सूर नको म्हणून वायर तिनेच काढली होती. सुतक फिटलं तरी लावायला हात धजला नव्हता. बुवांच्या पेटीखालून तिने ती काढून आणली.

"लाव बाई. त्यांना मुकं घर कधी सोसलंय?"

पडदा उजळला. पाणी खळखळलं, देवळातली घंटा वाजली. घाटावर बुवांचा बाहुला पाठमोरा बसला होता, जणू कीर्तनाचा पूर्वरंग संपवून जरा टेकलाय. आईने नकळत टाळ उचलले.

तुमच्या घरी सूर लागेल, तेव्हा बुवांना एकदा आठवा.