भावोजी खुराड्यात

कोंबडी पलंगाच्या बरोबर मधोमध बसली, तिने दोन्ही पंख पसरले, आणि भावोजींनी निमूटपणे आपली उशी उचलली.

"अहो, जरा हळू," ताई म्हणाल्या. "दचकेल ना ती."

ताई म्हणजे भावोजींची बायको. सोडवून आणलेल्या जनावरांचा हा आश्रम त्यांचा. गड्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना ताई म्हणत, त्यामुळे त्यांचा नवरा बसल्याजागी गावाचा भावोजी झाला होता. आश्रमाला नियम एकच होता: ज्याला एकदा कुणी हाकललंय, त्याला इथे पुन्हा हाकलायचं नाही. 'हुश' म्हणायलासुद्धा बंदी. हा नियम माणसांच्या गळी उतरायला वेळ लागला. कोंबड्यांना अजिबात लागला नाही. आधी आरामखुर्ची टर्कीने घेतली. मग सोफा दोन शेळ्यांनी वाटून घेतला. जेवणाच्या टेबलाखाली डुकरीण व्यायली, तेव्हापासून भावोजी ओट्याशी उभ्याने जेवत. घरचं झालं थोडं, आता व्याह्याने घोडं धाडायचं तेवढं राहिलंय, असं ते एकदा बोलून गेले. घोडं पुढच्याच आठवड्यात आलं. व्याह्याकडून नाही, इतकंच. ते बाथरूममध्ये राहिलं.

भावोजींनी जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले होते. आता त्यांनी स्वतःचा मांडून पाहिला. घर आपलं, बायको आपली, आणि बूड टेकायला जागा नाही.

"मी झोपू कुठे?"

"तिने उभ्या जन्मात पहिल्यांदा पंख उघडलेत. होती तिथे धड वळायलाही जागा नव्हती तिला."

"मला तरी कुठे आहे?"

"तुम्हाला पंख नाहीत," ताई म्हणाल्या. मायेनेच म्हणाल्या.

सुताराने नवं खुराडं बांधून दिलं होतं. नव्याने येणाऱ्यांसाठी. ताजं गवत, चारी बाजूंनी जाळी, मोठा माणूस आत ताठ बसू शकेल एवढी उंची. भावोजी उशी घेऊन तिथे गेले आणि गाढ झोपले. कोणी पायावर बसलं नाही.

सकाळी जाळीबाहेर ताई उभ्या. सोबत जनावरांचे डॉक्टर. मागे खोक्यांत बदकांचा कलकलाट.

"उठा बरं. नवी आलीत. जागा करा."

भावोजी उठले नाहीत. उलट गवतात आणखी रुतून बसले.

"मला काल हाकललंय," ते म्हणाले. "पलंगावरून. एकदा हाकललेल्याला इथे परत हाकलत नाहीत."

ताईंचाच नियम ताईंवर उलटला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नियम कुण्या परक्याने केला असता तर मोडता आला असता. बदकं गेली धान्याच्या कोठीत.

डॉक्टर सरळमार्गी. जाळीच्या आत जो असेल त्याला तपासायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी भावोजींची जीभ पाहिली, पाठ चाचपली, नखं वाढलीत म्हणाले. मग नवीन आलेल्याबद्दल विचारतात ते सगळं विचारलं.

"आले कुठून?"

"घरातून," ताई म्हणाल्या.

"मारहाण?"

"छे."

"उपासमार?"

"नाही हो. जेवायला मिळायचं. उभ्याने."

"मग झालं काय यांना?"

ताईंनी जाळीतून हात घालून भावोजींच्या केसांतली गवताची काडी काढली.

"लक्ष दिलं नाही कुणी."

डॉक्टरांनी मान हलवली आणि भावोजींच्या पायात निळं कडं अडकवलं. निळं म्हणजे प्रकृती ठीक, चांगलं घर मिळालं तर द्यायला हरकत नाही.

रविवारी लोक जनावरं न्यायला आले. त्यांत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. एकट्या राहत, सोबत हवी होती. कोंबडा नको, पहाटे ओरडतो. शेळी नको, पडदे खाते. बाई भावोजींच्या जाळीपाशी थांबल्या.

"हे शांत दिसतात. कागद खातात का?"

"वाचतात," ताई म्हणाल्या.

"घोरतात?"

"कुशीवर वळवलं की थांबतात."

"माझ्याकडे आरामखुर्ची आहे. खिडकीपाशी. कोणी बसत नाही तिच्यात."

भावोजींची मान आपोआप लांब झाली. निळं कडं त्यांनी गवतातून हळूच बाहेर काढलं, दिसेल असं. डोळे मात्र ताईंवर होते. खुर्ची होती, खिडकी होती, सगळं खरं. पण ही 'न्या' म्हणते की काय म्हणते, तेवढं ऐकल्याशिवाय त्यांचा पाय निघणार नव्हता.

ताईंनी जाळीच्या दाराची कडी काढली. भावोजींनी कडं पुन्हा गवतात ओढून घेतलं.

"देता नाही यायचे," ताई म्हणाल्या. "जोडीतले आहेत. जोडी आम्ही फोडत नाही."

"असं होय. मग दुसरी कुठाय?"

ताई वाकल्या, आत शिरल्या, दार ओढून घेतलं आणि भावोजींना खेटून गवतात बसल्या.

मुख्याध्यापिकांनी चष्मा पुसला. शाळेत नवीन मूल घेताना बघत असतील तसं दोघांना वरून खाली पाहून घेतलं.

"मग दोघंही द्या," त्या म्हणाल्या. "घर मोठं आहे."

आता ही काहीतरी बाणेदार बोलणार, हे भावोजींना इतक्या वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं. ताईंनी एकवार घराकडे पाहिलं. खिडकीतून घोडं बाहेर बघत होतं. मग त्या भावोजींच्या कानाशी आल्या.

"अहो, विचारा ना त्यांना," ताई कुजबुजल्या, "बाथरूमला आतून कडी आहे का."