पैकीच्या पैकी

इंग्रजी कादंबरीतल्या नायिकेचं व्यक्तिचित्रण मी झोकात लिहिलं: ‘ती भित्री आहे. नवरा पाणउतारा करतो, तर घर सोडायचं!’ बाईंनी दहापैकी शून्य देऊन पुन्हा लिहायला सांगितलं. आईने हसत माळ्यावरून स्वतःची शाळेतली वही काढली. तीच कादंबरी, त्याच बाई. “हे उतरव. मला पैकीच्या पैकी मिळालेले!” मी नाटकी आवाजात वाचलं, “नायिका सोशीक. उलट उत्तर देत नाही. स्वतःसाठी काहीच मागत नाही.” मला हसूच फुटलं. “अगं आई, ही तर हुबेहूब तू!” आई हसली नाही. माझं लाल पेन घेऊन तिने आपल्या वहीतल्या ‘१०’मधला एक खोडला, शून्य तेवढं ठेवलं. आतून बाबा खेकसले, “बहिरी झालीस का? शर्टाला इस्त्री कोण करणार?” “आले हं,” म्हणत ती उठली. मी पुन्हा लिहायला घेतलं. ‘भित्री’ शब्द मात्र लिहवेना.