बसू देऊ नका

भर दुपारी दीड वाजता लाईट गेली आणि शेडमधले पंखे एकदम गप्प झाले. छताखालून बारीक पाणी उडवणारे फॉगरही थांबले. बन्सी जेवत होता. हातातला घास ताटात टाकून तो पळाला. जनरेटरची दोरी त्यानं सहा-सात वेळा ओढली. मेलं ते यंत्र दोनदा खोकलं आणि बंद पडलं. नेमकं आजच!

आत चार हजार पक्षी होते. पोल्ट्रीवाले कोंबड्या म्हणत नाहीत, पक्षी म्हणतात. चाळीस दिवसांचे, दोन-दोन किलोचे, आणि संध्याकाळी त्यांना न्यायला कंपनीची गाडी येणार होती. एवढ्या वजनाच्या पक्ष्याला ऊन सोसत नाही. तो चोच वासून खाली बसतो. बसला की पोटाखाली वाफ कोंडते, आणि मग तो काही उठत नाही. फोनवर कंपनीच्या सुपरवायझरचं एकच पालुपद होतं, "बसू देऊ नका. काहीही करा, पण बसू देऊ नका."

म्हणजे काय, तर माणसांनी शेडमध्ये हिंडत राहायचं आणि खडे भरलेला डबा वाजवत पक्षी उठवत राहायचे. ऐकायला सोपं आहे. सोनईच्या पुढल्या त्या उघड्या माळावर, मे महिन्यात, तापल्या पत्र्याखाली एकदा करून बघा म्हणावं.

बन्सी आणि त्याची बायको ज्ञानेश्वरी एकेक डबा घेऊन आत शिरले. मागोमाग बन्सीची आई आली, कडूबाई. सत्तरी ओलांडलेली बाई. पदर खोचलेला, हातात डालड्याचा जुना डबा. खडेसुद्धा तिनं येता येता वेचून आणले होते.

"आये, तू कशाला आलीस? घरात पड जा."

"घरात कोन्ता बर्फ पडलाय? तिथंबी पत्राच हाय," कडूबाई म्हणाली. "अन् दोघांच्यानं एवढे उठतेत व्हय?"

उठत नव्हते, हे बन्सीला दिसतच होतं. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. त्यानं तिला शेडचं पलीकडचं टोक दिलं. तिथं जाळीला सकाळीच ओली बारदानं बांधली होती, जरा गारवा असेल म्हणून. पण दोन वाजेपर्यंत ती बारदानं पापडासारखी कडक झाली होती, आणि तिकडं बघायला कुणाला सवड नव्हती.

तिघं हिंडत होती. पुढचे उठवावेत तर मागचे बसत. खाली अंथरलेलं भाताचं तूस उडून नाकातोंडात जात होतं. ज्ञानेश्वरीनं मध्येच बादलीत पांढरी पावडर कालवली आणि पक्ष्यांच्या भांड्यांत ओतायला घेतली. कडूबाई फिरत फिरत तिच्याजवळ येऊन थांबली.

"काय गं ते?"

"उन्हाचं औषध हाय, आत्याबाई. यानं पक्ष्यांना तरतरी येती."

"मला दे की घोटभर."

"अवो, पक्ष्यांचं हाय ते! मानसाला चालतंय का न्हाई, कुनाला ठाव?" ज्ञानेश्वरीनं बादली मागं ओढली. "थांबा, मी घरातनं माठातलं आनते."

"ऱ्हाऊ दे. तू गेलीस की इकडचे बसत्याल. लाईट आली की पिते."

आणि ती परत आपल्या टोकाला गेली. जाताना तिनं एकदा खांबाला हात लावला. ज्ञानेश्वरीनं ते पाहिलं, पण तेवढ्यात तिच्या पायाशी वीस-पंचवीस पक्षी एकदम बसले, आणि ती तिकडं वळली.

मग कितीतरी वेळ नुसती खडखड. तीन डब्यांची. त्यातला एक डबा थंडावला तसा बन्सी खेकसला, "आये, डबा वाजू दे की! तिकडचे बसले बघ!"

पलीकडून डबा वाजला. एकदाच.

"हां, असा!" म्हणून बन्सी पुढं सरकला.

पावणेतीनला लाईट आली. पंखे घरघरले, फॉगर सुटले, आणि पांढरं धुकं हळूहळू खाली उतरू लागलं. पक्ष्यांनी पंख झाडले. मेलेले फार नव्हते. बन्सीनं तोंड वर करून ते गार तुषार अंगावर घेतले आणि वेड्यासारखा हसला. "वाचले! वाचले गं सगळे!"

मग त्याला पलीकडच्या टोकाला एक घोळका दिसला. खांबाच्या बुडाशी शंभरएक पक्षी अजून बसलेलेच होते, एकमेकांना चिकटून.

"हे बघ, हे येडे!" असं म्हणत तो डबा वाजवत तिकडं गेला. एकेक पक्षी नाखुशीनं उठला आणि बाजूला झाला. मधे कडूबाई होती. खांबाला टेकून, पाय लांब करून बसलेली. लुगड्याची तेवढी सावली पाहून पक्षी तिच्या कुशीत शिरले होते. डबा मांडीवर होता.

"आये, आली लाईट. चल, पानी पी."

त्यानं तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ पत्र्यागत तापलेलं होतं. फॉगरचं पाणी त्यावरून ओघळत होतं, डोळ्यांत जात होतं. डोळे मिटत नव्हते.

"आये, ऊठ," बन्सी म्हणाला. "ऊठ ना गं."

मागून ज्ञानेश्वरी बादली टाकून धावत आली. तिला काय करावं सुचेना. बन्सीलाही सुचेना. त्यानं आपला डबा उचलला, आईच्या कानाशी नेला आणि जोरजोरात वाजवायला लागला.

तिच्या पायाशी उरलेले पक्षी तेवढे उठले.